गाडीचा पासपोर्ट

२०१८ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयतांनी आमची गाडी इराणमधल्या बंदर अब्बासपासून लंडनपर्यंत नेली, ही बातमी वर्गात कशी फुटली कोण जाणे! तेव्हापासून दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, टायर किती बदलले?" एकही नाही. सुमारे सात हजार किलोमीटरांचा तो प्रवास चाळीस दिवसांत झाला. तयारीला मात्र अकरा महिने लागले आणि त्यांतले जेमतेम दोन आठवडे गाडीच्या वाट्याला आले. बाकीचा सारा काळ कागदांनी खाल्ला.

नकाशात पाहिले तर मुंबईहून लंडनला सरळ रस्ता आहे. पण पाकिस्तानातून स्वतःच्या गाडीने जाण्याची परवानगी भारतीयाला मिळणे जवळजवळ अशक्य. म्हणून गाडी कंटेनरमध्ये घालून बोटीने बंदर अब्बासला पाठवायची, आपण विमानाने जायचे आणि तिथून चाके फिरवायची, असे ठरले.

आता मुख्य गोष्ट. माणसाला परदेशी जायला पासपोर्ट लागतो, तसाच गाडीलाही लागतो. त्याला 'कार्ने' म्हणतात. आम्हांला तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमधून मिळाला. परक्या देशाच्या दृष्टीने तुमची गाडी म्हणजे आयात केलेला माल. ती तिथेच विकून तुम्ही परतलात तर त्या देशाची जकात बुडाली. तसे होणार नाही, झालेच तर जकात आम्ही भरू, अशी हमी म्हणजे कार्ने. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी देशात शिरताना जकात अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा पुस्तकातच राहतो. त्या तिसऱ्या भागावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही शिक्के हवेत. इराणमध्ये त्यावाचून गाडी आत घेत नाहीत. मुदत एक वर्षाची.

ही हमी फुकट मिळत नाही. गाडीची किंमत आणि वाटेतले देश पाहून बँकेची हमी द्यावी लागते आणि बँक त्यासाठी तुमची ठेव अडकवून ठेवते. आमच्या घरी खरा पेच इथे पडला. माझ्याजवळ तेवढी ठेव नव्हती. होती ती हिची. अठ्ठावीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर मिळालेले पैसे! गाडी वाटेत जळाली, चोरीला गेली किंवा दरीत पडली, तरी ती देशाबाहेर गेल्याचा शिक्का नाही म्हणून जकात मागितली जाऊ शकते, हे मी हिला स्पष्ट सांगितले. दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "गाडी माझ्या नावावर, ठेव माझी, मग मी घरी बसून काय करू?" तोवर मी एका मित्राबरोबर जाणार होतो. मित्र राहिला, ही निघाली.

व्हिसांचे गणित निराळेच. पासपोर्ट एक आणि वकिलाती अनेक. एका वेळी तो एकाच ठिकाणी राहू शकतो. शिवाय फार आधी अर्ज करून चालत नाही. शेंगेनचा अर्ज तेव्हा प्रवासाआधी तीनच महिने करता येई (२०२० पासून ही मुदत सहा महिने झाली). आम्ही आधी ब्रिटनचा, मग शेंगेनचा आणि शेवटी इराणचा व्हिसा घेतला. हातात शेंगेन असला की भारतीयाला तुर्कस्तानचा व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळे, म्हणून तो क्रम. सर्बियाला तेव्हा आपल्याला व्हिसाच लागत नसे. २०२३ पासून लागतो. तेव्हा कोणाचेही जुने अनुभव, माझेसुद्धा, ताजे समजून निघू नये.

किरकोळ गोष्टींपैकी दोन सांगतो. आपल्याकडे हौसेने देवनागरी आकड्यांची पाटी लावतात, ती बाहेर चालत नाही. रोमन अक्षरांची पाटी आणि मागे 'आयएनडी' ही रोमन अक्षरे असलेले लंबगोल चिन्ह हवे. आणि इराणात परदेशी बँकांची कार्डे चालत नसल्यामुळे तिथला सगळा खर्च रोख नेला. डॉलरच्या नोटा हिने मसाल्याच्या डब्यांत दडवल्या होत्या. लंडनपर्यंत त्यांना गोड्या मसाल्याचा वास येत होता.

कागदांत कुठेच न सापडलेली एक अडचण होती. आपले स्टिअरिंग उजवीकडे आणि तिकडची वाहतूकही उजवीकडून. पुढच्या मालमोटारीला मागे टाकायचे तर समोरून काय येते आहे ते चालकाला दिसतच नाही. दिसते ते डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला. चाळीस दिवस हिने "थांबा" म्हटले की मी थांबलो आणि "चला" म्हटले की निघालो. मित्र आला असता तर त्याचे मी इतके ऐकले असते का, शंकाच आहे.

एका नाक्यावर रात्री अकराच्या सुमारास अधिकाऱ्याने कागद फाडून घेतला आणि पुस्तक मिटून परत दिले. मी दमलो होतो. गाडी सुरू केली. हिने दिव्याखाली पान उघडले. तिसऱ्या भागावर शिक्का नव्हता. गाडी तिथेच उभी करून आम्ही परत रांगेत गेलो. तासाभराने शिक्का मिळाला.

लंडनहून गाडी बोटीने मुंबईला आली. चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून पाहिल्यावर कार्नेवर शेवटचा शिक्का पडला आणि पुढे दीड महिन्याने ठेव मोकळी झाली. बँकेचे पत्र आले त्या दिवशी हिने ते दोनदा वाचले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले.