फैजपूरचा उन्हाळा आणि गेमिंग पीसी: एअर की लिक्विड?

शेजारच्या पोराने विचारलं, "दादा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. लिक्विड कूलिंगच घेऊ ना?"

लिक्विड म्हणजे फ्रिज नव्हे. पाणी प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, तिथून ती खोलीच्या हवेतच जाते. खोली ४० अंशांवर असेल, तर प्रोसेसर दोन्हींत त्याहून गरमच राहणार.

एअर कूलरमध्ये बिघडणारा भाग एकच, पंखा. तो स्वस्तात बदलता येतो. सीलबंद लिक्विड कूलरचा पंप गेला की बहुतेक वेळा आख्खं युनिट बदलावं लागतं.

म्हणून मधल्या प्रोसेसरला चांगला टॉवर एअर कूलरच घ्या. कोअर आय-नाइनसारखा तापणारा असेल, तरच ३६० मिमी रेडिएटरचं लिक्विड.

खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा ओला झोत मात्र कॅबिनेटवर नको. धुळीवर ओल बसली की चिखलच!

प्रोसेसर आणि बजेट कमेंटमध्ये लिहा, सांगतो.