वाडीची कामं : कुंपणाचे खांब हलवताना

कल्याण-मुरबाड रस्त्याच्या अंगाला, गोवेली-रायत्याच्या पट्ट्यात, कुठे रस्ता रुंद होतो, कुठे भावाभावांत वाटणी होते आणि कुंपणाचे लाकडी खांब सरकवायची पाळी येते. डोंबिवलीहून रविवारी वाडीवर येणारा मालक थेट पहार मागतो. आधी मोजणी हवी. हद्द ठरते ती हद्दीच्या दगडांनी, खांबांनी नाही. जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे या खुणा राखणं जमीनधारकाचं काम आहे आणि त्या उपटल्या तर दंड होतो. ‘फूटभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?’ असं म्हणणाऱ्याने हिशेब करावा. 330 फूट लांबीची बाजू फूटभर सरकली की 330 चौरस फूट गेले. गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा! शेजाऱ्याला मोजणीच्या दिवशीच बोलवावं, पुढची कोर्टकचेरी वाचते.

भातखाचराच्या चिकण मातीत वैशाखात खांब जागचा हलत नाही, श्रावणात आपलाच पाय रुततो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ओल असते आणि उभं राहायला जमीनही असते. काटेरी तार आधी सैल करावी, मगच खिळे काढावेत. ताणलेली तार कापली तर ती उसळून तोंडावर येते.

खांब गदागदा हलवू नये, बुंध्याशी मोडतो. भोवती वीतभर खणून पाणी सोडावं, तासाभराने बुंध्याला साखळी आवळावी, तिच्यात पहार अडकवावी, पहारेखाली दगड ठेवावा आणि दुसरं टोक दाबावं. खांब बोटबोट वर येतो. दगड दरवेळी थोडा उंच करत जायचा.

निघालेला खांब बघायचा तो मातीच्या तोंडाशी. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून लाकूड तिथेच कुजतं. त्याच्या खालचं टोक कित्येकदा ठणठणीत निघतं. त्या जागी पहारेचं टोक सहज रुतलं तर खांब आखूड कापून टोमॅटो-काकडीच्या मांडवाला लावावा. सागाचा किंवा ऐनाचा जून गाभा असेल तर तो पुन्हा पुरण्याजोगा असतो.

नव्या खड्ड्यात सिमेंट ओतायचा मोह आवरावा. लाकूड सुकून आकसतं, फटीत पाणी साचतं आणि सोय केल्यासारखं लाकूड कुजतं. तळाला मुरूम टाकावा, दोन फूट खोल पुरावं आणि माती थराथराने धुम्मसाने ठोकावी. कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेका हवाच, तारेचा सगळा ताण तोच सोसतो.

पांगाऱ्याचा किंवा गिरीपुष्पाचा खांब मात्र मुळं धरून बसलेला असतो. तो उपटायच्या भानगडीत पडू नये. पावसाच्या तोंडावर त्याची जाड फांदी छाटून नव्या रेषेत लावावी, शेंडा वरच ठेवून. उलटी लावलेली फांदी जगत नाही.