सेवा वेगळी, संसार वेगळा

मज्जारज्जूच्या दुखापतीबद्दल बोलताना आपण ऑपरेशनपाशीच थांबतो. आज बोलायचंय ते त्यानंतरच्या संसाराबद्दल.

इथे मुळशीत कुणाची गाडी ताम्हिणी घाटात घसरते, कुणी झाडावरून पडतं, कुणी बांधकामाच्या परांचीवरून. मज्जारज्जूला मोठी इजा झाली की त्याखालची हालचाल आणि संवेदना जाते. लघवी-शौचावरचा ताबाही बहुधा जातो. मग रात्री कूस बदलायची, ठरावीक वेळानं कॅथेटरनं लघवी काढायची, कातडी लाल पडली का ते रोज बघायचं. नाहीतर शय्याव्रण होतात. नवरा जखमी असेल तर हे सगळं न बोलता बायकोवर येतं, आणि लोक म्हणतात, "काय सेवा करते!" बायको जखमी असेल तर तिला माहेरी पाठवायची भाषा सुरू होते. दोन्हीकडे धरून चाललेलं असतं की आता नवरा-बायको राहिले नाहीत, एक पेशंट आणि एक नर्स उरली.

माझं म्हणणं असं, की जे काम शिकून स्वतः करता येतं, ते जोडीदाराकडे जाऊ देऊ नका. हात चालत असतील तर कॅथेटर स्वतः घालता येतो, आरसा धरून कातडी तपासता येते, सरकफळीवरून पलंगावरून खुर्चीत जाता येतं. इजा मानेत असेल, हातही चालत नसतील, तर? तर काम कधी, कसं आणि कुणाकडून करून घ्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तेही स्वावलंबनच. आणि मदतीला तिसरं माणूस हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, तो याचसाठी.

दीपा मलिक यांचं उदाहरण बघा. १९९९ मध्ये कण्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालचं शरीर लुळं पडलं. नवरा लष्करात, कारगिलचे दिवस, घरात दोन लहान मुली. पुढे त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रेस्टॉरंट चालवलं आणि २०१६ ला रिओ पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. संसार चालू राहिला, आणि त्यात त्यांचं स्वतःचं काम उभं राहिलं.

आता लाजून न विचारला जाणारा प्रश्न. शरीरसंबंध संपतात का? नाही, पद्धत बदलते. बाईची पाळी काही महिने थांबली तरी बहुधा परत येते, मूल होऊ शकतं. बाळंतपणात मात्र जाणकार डॉक्टर हवा. पुरुषाला ताठरतेची, वीर्याची अडचण येते, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावं, सासूबाईंना बाहेर बसवून.

घराचंही बघा. उंबरा, अंगणापलीकडचा संडास, पावसाळ्यातला चिखल यांनी माणूस जास्त परावलंबी होतो. एक फूट उंचीला बारा फूट उतार, हे माप गवंड्याला सांगा.

शेवटी एक काम देतो. दोघांनी बसून कागदावर तीन रकाने आखा: मी करीन, तू करशील, तिसरं कुणी करेल. दर महिन्याला एक तरी काम 'तू'मधून 'मी'मध्ये किंवा 'तिसऱ्या'त सरकवा. मोकळा झालेला वेळ दोघांचा.