व्यंग घेऊन आलेला जीव आणि आपला धर्म

श्रावण शुद्ध पंचमीच्या प्रभाती घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखिले जातात, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला जातो. या दिवशी चिरू नये, कापू नये, तळू नये, भूमी खणू नये, असा परंपरेचा दंडक आहे. म्हणूनच पुरणाची दिंडे उकडून केली जातात. अजाणतेपणीही सर्पकुळाला इजा पोहोचू नये, एवढी काळजी आपण वाहतो. मग माणसाने जाणूनबुजून जन्माला घातलेल्या व्यंगाचा विचार या दिवशी अप्रस्तुत कसा ठरेल?

महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या सवतींची कथा आहे. कद्रूने सहस्र नागपुत्र मागितले, विनतेने दोनच. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटून नाग बाहेर आले. विनतेला मात्र धीर धरवेना. तिने एक अंडे स्वतःच फोडले. आतील अरुणाचा कमरेवरचा देह पूर्ण, खालचा अपुरा होता. त्याने मातेला सवतीच्या दास्याचा शाप दिला आणि पुढे तो सूर्याचा सारथी झाला. अपुऱ्या देहाचा जीव टाकाऊ नव्हे, हा या कथेचा एक बोध. आणि ज्याच्या हव्यासाने ते अपुरेपण आले तो निर्दोष नव्हे, हा दुसरा.

हे दोन्ही बोध आज अमेरिका आणि युरोपातील सर्पपालकांना लागू पडतात. पश्चिम व मध्य आफ्रिकेत अजगराच्या कुळातील ‘बॉल पायथन’ हा लहान, शांत साप आढळतो. भय वाटले की तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. बेनिन देशातील विदा या गावी या सापांचे देऊळच आहे. तेथे ते दैवत म्हणून पूजिले जातात. परदेशी बाजारात मात्र त्यांच्या अंगावरील रंग-नक्षीला मोल आले. १९९९ साली आफ्रिकेतून अमेरिकेत आणलेल्या एका सापाच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी होती. त्याच्यापासून ‘स्पायडर’ नावाचा वाण निर्माण झाला व हौशी मंडळींत लोकप्रिय ठरला.

परंतु या सौंदर्याबरोबर एक व्याधी आली. या वाणाच्या सापांची मान कापते, डोके कलते, क्वचित संपूर्ण उलटे होते. भक्ष्यावरील झेप चुकते. सापाला बाहेरून कान दिसत नसले, तरी देहाचा तोल सांभाळणारा अंतःकर्ण त्यालाही असतो. २०२२ साली जर्मन संशोधकांनी क्ष-किरणांच्या सूक्ष्म चित्रणातून दाखवून दिले, की या सापांच्या अंतःकर्णातील तोल राखणाऱ्या नलिका व पिशवी यांची घडणच सदोष असते. नक्षी आणि व्यंग एकाच आनुवंशिक दोषातून येतात. पैदास करणाऱ्यांना आजवर ती वेगळी करता आलेली नाहीत. ब्रिटनमधील ‘इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी’ने २०१८ साली आपल्या प्रदर्शनांतून या वाणाच्या विक्रीस बंदी घातली.

हे साप खातात, वाढतात, वर्षानुवर्षे जगतात, मग यात क्रौर्य कोठे, असा युक्तिवाद पैदास करणारे करतात. पण साप विव्हळत नाही, अश्रू ढाळत नाही. त्याच्या मौनाला संमती मानणे न्यायाचे नव्हे. आधीच जन्मलेल्या सापाची गोष्ट निराळी. त्याला उंच फांद्यांविना बेताची, निवांत जागा द्यावी. भक्ष्य चिमट्याने जपून तोंडाशी न्यावे. पशुवैद्याला दाखवावे आणि त्याची वीण पुढे वाढवू नये. ही सेवा निःसंशय पुण्यप्रद आहे.

खरा पेच येतो तो दयेपोटी केलेल्या खरेदीचा. दुकानातील थरथरणारे पिल्लू पाहून कोणी कनवाळू गृहस्थ त्याला विकत घेतो. त्या एका जिवाला आसरा मिळतो. परंतु विक्रेत्याच्या हाती पैसा पडतो आणि पुढील वर्षी तशीच आणखी पिल्ले जन्माला घातली जातात. आश्रय देणे ही दया; मागणी पुरविणे हा व्यापार. व्यंग असलेला साप कोणी सांभाळण्यास दिला तर स्वीकारावा, मात्र मोल देऊन घेऊ नये, हेच आम्हांस धर्माला धरून वाटते.

वाचकहो, हा दोष सातासमुद्रापलीकडचा म्हणून आपण निश्चिंत राहू नये. दात उपटलेला, तोंड शिवलेला, तहानेने व्याकूळ होऊन दुधाला तोंड लावणारा नाग टोपलीत घेऊन गारुडी दारी येत असे, तेव्हा त्याच्यापुढे नाणे टाकणारे हात आपलेच होते. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे व बाळगणे हा गुन्हा ठरविला आहे. तरीही अशी टोपली कोठे दारी आलीच, तर नाणे न टाकता वनखात्यास कळवावे. पाटावरचा गंधाचा नाग ना भुकेला असतो, ना जखमी. त्याची पूजा कोणाचाही दात मागत नाही. आपल्या पूजेसाठी अथवा हौसेसाठी कोणताही जीव अधू होऊ नये, एवढा संकल्प या नागपंचमीस सोडला, तरी नागदेवतेस तो नैवेद्य खचित पोहोचेल.