वेदी कुणी हलवली?

जुन्या कॅथलिक चर्चमध्ये पुष्कळदा दोन वेद्या दिसतात. एक मागे, भिंतीला टेकलेली, उंच आणि नक्षीदार. दुसरी तिच्या पुढे, सुटी आणि साधी. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, होते ती या पुढच्या वेदीवर. ही दुसरी वेदी आली कुठून, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जुन्या वेद्या काढायला लावल्या आणि शतकानुशतकं जसंच्या तसं राहिलेलं सगळं मोडून टाकलं. या उत्तरात खरं थोडं आहे, चुकीचं बरंच.

परिषदेनं उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी जाहीर केला. वेदी भिंतीपासून सोडवा किंवा फादरांनी लोकांकडे तोंड करावं, असं त्यात एकही वाक्य नाही. उलट चर्चमधल्या मौल्यवान वस्तू विकल्या जाऊ नयेत, इकडेतिकडे पांगू नयेत, याकडे बिशपांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं, असं त्यात बजावलं आहे. सुट्या वेदीचा उल्लेख येतो तो सप्टेंबर 1964 मध्ये निघालेल्या अंमलबजावणीच्या सूचनांत. मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असलेली बरी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता येईल, इतकंच तिथे म्हटलं आहे. ज्या कठड्याशी गुडघे टेकून भाविक ख्रिस्तप्रसाद घेत, तो उखडायचा आदेश तर रोमनं जगभरच्या चर्चना कधीच दिला नाही.

मिस्साविधीच्या पुढच्या नियमांनी मधली वाटही दाखवली. जुनी वेदी कलेला धक्का न लावता हलवता येत नसेल, तर ती राहू द्यावी आणि दुसरी वेदी कौशल्यानं उभारावी. जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू चर्चमध्ये हे सरळ दिसतं. संत इग्नेशियसचा पुतळा असलेली सोनेरी वेदीभिंत जागच्या जागी आहे आणि मिस्सा तिच्यापुढच्या वेदीवर होते.

लोकांकडे तोंड करणं ही विसाव्या शतकाची नवलाई, हाही समज टिकत नाही. रोमच्या सेंट पीटर्सचा दर्शनी भाग पूर्वेला आहे. तिथल्या मुख्य वेदीवर पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या पोपसमोर पूर्वीपासूनच सभामंडप असे.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र ‘जसंच्या तसं’ या शब्दांत आहे. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये सभामंडपाला आडवी छेदणारी एक भिंत होती. पलीकडे संन्यासी, अलीकडे सामान्य लोक. मुख्य वेदी लोकांना धड दिसतच नसे. ट्रेंटची परिषद 1563 मध्ये संपली आणि दोनच वर्षांत ड्यूक कोसिमोच्या आज्ञेवरून ज्योर्जिओ वसारीनं ती भिंत पाडायला घेतली. पाठोपाठ त्याच शहरातल्या सांता क्रोचे चर्चमधलीही गेली. लोकांना वेदी दिसावी, हेच तेव्हाचं कारण. चारशे वर्षांनंतरही नेमकं हेच कारण पुढे आलं. सांता मारिया नोव्हेल्लामध्ये वसारीनं बाजूच्या भिंतींवर नव्या वेद्याही बसवल्या. त्यांतल्या एका वेदीमागे चित्रकार मसाच्चोचं ‘पवित्र त्रैक्य’ हे भित्तिचित्र झाकलं गेलं. यथादर्शनाच्या इतिहासातलं हे मोलाचं चित्र. वसारीनं स्वतः आपल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात त्याची स्तुती केली आहे. ते पुन्हा उजेडात आलं 1860 च्या सुमारास. तेव्हा वरचा भाग काढून दुसऱ्या भिंतीवर नेण्यात आला. खालच्या भागातला रंगवलेला सांगाडा आणखी उशिरा सापडला आणि 1952 मध्ये दोन्ही भाग मूळ जागी पुन्हा एकत्र आले.

पॅरिसच्या नोत्र दामनंही हेच भोगलं. तेराव्या शतकातली तिथली कोरीव पडदाभिंत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडली गेली, कारण चौदाव्या लुईला वडिलांचा नवस फेडण्यासाठी नवं गर्भस्थान उभारायचं होतं. भिंतीचे तुकडे फरशीखाली पुरले गेले. 2019 च्या आगीनंतर 2022 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथली जमीन उकरली तेव्हा ख्रिस्ताचं मस्तक, धड आणि असे शेकडो अवशेष हाती आले. काहींवरचा मूळ रंगही टिकून होता. ‘खरं’ नोत्र दाम कुठलं, हा प्रश्न त्या तुकड्यांसमोर फारच अवघड होतो.

पण म्हणून 1960 नंतरचं नुकसान खोटं ठरत नाही. आयर्लंडमधल्या किलार्नीच्या कॅथीड्रलचा आराखडा ऑगस्टस प्यूजिनचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या आतल्या भिंतींचा गिलावा काढून दगड उघडे केले गेले आणि एकोणिसाव्या शतकातली बरीचशी सजावट गेली. गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती धरूनच प्यूजिननं आतल्या भागाची कल्पना केली होती. रोमच्या कुठल्याही कागदात गिलावा खरवडायला सांगितलेलं नाही. तो निर्णय स्थानिक होता आणि तो चुकीचाच म्हणायला हवा.

चर्चच्या आत काय करायचं ते फक्त चर्चच ठरवतं, हेही सगळीकडे खरं नाही. 1905 च्या कायद्यानंतर फ्रान्समधली बहुतेक जुनी कॅथीड्रलं सरकारच्या मालकीची आहेत. नोत्र दाममधली 1989 ची वेदी 2019 मध्ये कोसळलेल्या मनोऱ्याखाली चिरडली गेली. पुढची अंतर्गत मांडणी धर्मप्रांतानं सुचवली खरी, पण राष्ट्रीय वारसा आयोगानं डिसेंबर 2021 मध्ये ती तपासली. गियोम बार्देनं घडवलेल्या कांस्याच्या नव्या वेदीचा अभिषेक 8 डिसेंबर 2024 रोजी झाला.

आयर्लंडमध्ये तर लोकच उभे राहिले. कोव्हच्या सेंट कोलमन कॅथीड्रलमध्ये वेदीचा चौथरा सभामंडपात पुढे आणायचा, त्यासाठी कठडे आणि मोझेकच्या फरशीचा काही भाग काढायचा, असा बेत होता. नगर परिषदेनं परवानगी दिली. गावकऱ्यांनी अपील केलं. संरक्षित चर्चबाबत निर्णय घेताना उपासनेच्या गरजांचा मान राखावा, असं आयर्लंडच्या 2000 च्या नियोजन कायद्यात स्पष्ट कलम आहे. तरीही जून 2006 मध्ये नियोजन अपील मंडळानं परवानगी नाकारली आणि तो बेत कागदावरच राहिला.