मनाला सांगावे, पण काय?

दिल्ली दरवाजाजवळच्या महिला हाटात दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पूर्वी तो दर्यागंजच्या पदपथावर भरत असे; २०१९ मध्ये तो येथे आला. तेथे हिंडताना मनाला बळ देणाऱ्या पुस्तकांकडे आपले लक्ष गेल्यावाचून राहणार नाही. सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी यशस्वी आहे’, ‘मी निर्भय आहे’ असे म्हणत जावे, म्हणजे माणूस तसाच होतो, असे त्यांचे सांगणे. या उपायात तथ्य किती, हे वाचकांनी एकदा तपासून पाहावे असे मला वाटते.

या कल्पनेचा प्रसार करणाऱ्यांत एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याचे (१८५७-१९२६) नाव अग्रगण्य आहे. औषध देताना त्याची स्तुती केली तर गुण अधिक येतो, हे दुकानात बसल्या बसल्या त्याच्या ध्यानी आले. पुढे नान्सी येथे तो रोग्यांना, आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत अशा अर्थाचे एक वाक्य सकाळी उठताना आणि रात्री निजताना वीस वेळा म्हणावयास सांगू लागला. मोजणीसाठी वीस गाठींची दोरी! आपल्याकडील जपमाळेची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

मीही या उपायाच्या मोहात एकदा पडले. माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे दिल्लीस राहते. सातवीत तिचे गणित पार ढासळले, आणि ‘मला गणित येतच नाही’ हे पालुपद सुरू झाले. मी तिला ‘मी गणितात हुशार आहे’ हे वाक्य रोज वहीत पंचवीस वेळा लिहावयास लावले. चौथ्या दिवशी वही मिटून ती रडू लागली. ‘मावशी, हे खोटं आहे, आणि ते मला रोज लिहावं लागतं,’ असे ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

उत्तर मला पुढे वाचनात मिळाले. कॅनडातील जोअॅन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घंटेचा आवाज झाला की, आपण प्रेमास पात्र आहोत असे मनाशी म्हणावयाचे, एवढेच काम होते. ज्यांचा स्वतःवर मुळातच विश्वास होता त्यांना थोडे बरे वाटले. परंतु ज्यांना स्वतःविषयी हीनभाव होता त्यांना, वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा, अधिक वाईट वाटले. ज्यांना औषधाची गरज, त्यांनाच ते बाधले! न पटणारे वाक्य उच्चारताच मन त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागत असावे.

मग मनाला काही सांगूच नये काय? ‘अफर्मेशन’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा प्रसंग माझ्या धंद्यात वारंवार येतो, आणि दर वेळी लेखणी ‘संकल्प’ या शब्दापाशी थांबते. पूजेतील संकल्प आठवून पाहा. त्यात आधी स्थळ येते, काळ येतो, तिथी आणि वार येतात, यजमानाचे नाव-गोत्र येते, आणि शेवटी अमुक कर्म ‘करिष्ये’, म्हणजे करीन, असे म्हणून पाणी सोडतात. (महाराष्ट्रात गोदावरीतीराचा उल्लेख करणाऱ्यास दिल्लीत यमुनेची आठवण ठेवावी लागते, ही गोष्ट निराळी.) यात ‘मी थोर आहे’ असे कोठेही नाही. समर्थांच्या मनाच्या २०५ श्लोकांतही मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली आहे खरी, पण लगेच त्याला काय धरावे आणि काय सोडावे ते सांगितले आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचे संशोधनही याच दिशेचे आहे. नाताळच्या सुटीत एक टिपण लिहून पाठवण्याचे काम त्यांनी विद्यार्थ्यांना दिले. ते केव्हा व कोठे बसून लिहू हे ज्यांनी आधीच ठरवले, त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांशांनी ते वेळेत लिहिले. बाकीच्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांशांनी.

तेव्हा भाचीचे वाक्य आम्ही बदलले. ‘संध्याकाळी दूध पिऊन झाले की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून अपूर्णांकांची दोन उदाहरणे सोडवीन, अडले तर अडल्या जागी खूण करीन.’ हे वाक्य खोटे ठरण्याचे कारणच नव्हते. सवय जडण्यास लागणारा काळ मात्र आपल्या उतावीळ स्वभावास मानवणारा नाही. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या २००९ च्या अभ्यासात तो सरासरी ६६ दिवसांचा आढळला. कोणास १८ पुरतील, तर कोणास २५४ लागतील, असा त्यांचा अंदाज. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यांनीच दाखवले. आमच्याकडे तर पाहुणे, ताप आणि दिवाळी यांत पुष्कळच दिवस चुकले.

सहामाहीत भाचीला गुण बेताचेच पडले. परंतु परवा तिने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘मावशी, हे बघ, तिसऱ्या पायरीवर अडलंय.’

‘मला येत नाही’ असे ती म्हणाली नव्हती, हे तिच्या ध्यानीही आले नाही.