स्क्रीनशॉट
संगणकाच्या पडद्यावर विशिष्ट क्षणी दिसणाऱ्या दृश्याची साठविलेली प्रतिमा. विंडोज प्रणालीत ‘विंडोज’ व ‘प्रिंट स्क्रीन’ या कळा एकत्र दाबल्यास संपूर्ण पडद्याची प्रतिमा फाइलरूपाने साठविली जाते. ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ व ‘एस’ या कळांनी पडद्याचा हवा तेवढाच भाग निवडता येतो. सतत बदलणाऱ्या माहितीची नोंद ठेवण्यास हे तंत्र उपयुक्त असते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकले. अशा वेळी हवामान खात्याचे वादळमार्गाचे नकाशे नव्या निरीक्षणांनुसार पुनःपुन्हा बदलतात. स्क्रीनशॉट मात्र घेतला तसाच राहतो. जुन्या प्रतिमेवर विसंबून होडी समुद्रात नेणे जिवावर बेतू शकते. म्हणून प्रतिमेत नकाशावरील दिनांक व वेळ येणे आवश्यक असते.